आत पैठणी, जपून न्या

भांडगावच्या साखरबाईची एक रीत हाय. गोधडी शिवून झाली, शेवटचा दोरा दातानं तोडला, की त्याच दुपारी ती गोधडी अंगावर घिऊन ती झोपणार. पोटभर झोप न्हाई, एक डुलकी. तिच्या सासूनं सांगून ठेवलं व्हतं, नव्या गोधडीत पहिला डोळा शिवणारणीनं लावायचा, न्हाईतर दोरा ताठ राहतो आन् घेणाऱ्याला टोचत राहतो. सासू गेली, रीत राहिली. पडवीत बाज, बाजंच्या उशाला झेंडूचं वावर, वावराच्या पल्याड सोलापूरचा हायवे. दुपारचा हायवेचा आवाज असा येतो की जणू लांब कुठं धरणाचं पाणी सोडलंय. त्या आवाजात साखरबाईचा डोळा लागतो आन् तिला सपान पडतं.

सपानात बाया येत्यात. ज्यांच्या साड्यांची गोधडी, त्या बाया. साखरबाईनं त्यांना कधी बघितलेलं नसतं. कुणी येऊन नुसतीच उंबऱ्यात बसती, कुणी मिरच्यांची देठं खुडती. एकदा एक म्हातारी आली, ती सबंध सपानभर चष्मा हुडकत व्हती आन् चष्मा तिच्या डोळ्यावरच व्हता. साखरबाई याचं काही मोठं करत न्हाई. तिचं म्हणणं एवढंच, की लोणच्याची बरणी कितीबी घासली तरी वास जात न्हाई, मग साडी तर वीस वरसं बाईच्या अंगाला लागलेली असती.

हा धंदा सुरू केला तिच्या सुनंनं. सून समृद्धी. लग्नाआधी ती रांजणगावला कंपनीत पॅकिंगला व्हती, त्यामुळं खोकं कसं बांधायचं, लेबल कुठं लावायचं, हे तिला पाठ. सासूच्या गोधड्यांचे फोटो तिनं फोनवर टाकले आन् लिहिलं, तुमच्या घरच्या जुन्या साड्या पाठवा, आम्ही गोधडी शिवून देऊ. साखरबाईला वाटलं व्हतं कुणी काळं कुत्रं इचारायचं न्हाई. पण लोकांच्या घरी कपाटं भरून आया पडून व्हत्या. कुणाला टाकवत न्हवत्या, कुणाला नेसवत न्हवत्या. नागपुरातून, इंदुरातून, कुठून कुठून पिशव्या यायला लागल्या. साखरबाईचा नवरा हौसराव झेंडू तोडता तोडता म्हणायचा, "आपल्या घरात माणसं चार, आन् आत्मे चाळीस."

पाच महिन्यांमागं गौतमीची पिशवी आली.

गौतमी मूळची शिरूरची, हैदराबादला दवाखान्यात नर्स. तिची आई आक्काबाई शिरूरात शाळेत खिचडी शिजवायची. थंडीत गेली. पिशवीत चार साड्या. दोन रोजच्या, चुलीच्या धुरानं पदराला पिवळ्या पडलेल्या. एक पांढरी, निळ्या काठाची, विहारात वंदनेला जाताना नेसायची ती. आन् एक जांभळी, मोराच्या पदराची, लेक नर्स झाली तवा आक्काबाईनं हौसेनं घेतलेली. संग चिठ्ठी व्हती. साखरबाईला वाचायला येतं, पण सावकाश, म्हणून समृद्धीनं वाचून दाखवली. गौतमीनं लिहिलं व्हतं की आई गेल्यापासून तिला धड झोप न्हाई. ड्यूटी सुटली की खाटंवर पडती आन् पंखा बघत राहती. साड्या उशाशी घेतल्या की जरा डोळा लागतो, पण हाताळून हाताळून साड्या इरायला लागल्यात. गोधडी शिवा, पण एक करा, साड्या धुऊ नका. आईचा वास तेवढा त्यात राहिलाय. आन् आईच्या वर्षाच्या कार्यक्रमाच्या आत पाठवा.

साखरबाईनं साड्या नाकाला लावल्या. धूर, हळद, आन् मोहरीची फोडणी. "सैपाकीण व्हती," ती म्हणली, आन् कात्री घेतली.

गोधडी झाली तशी तिनं रीतीपरमाणं डुलकी काढली. सपानात नदीचा घाट आला. पांढऱ्या साडीची एक दांडगी बाई पायरीवर उभी, हातात हे एवढं मोठं उलथनं. साखरबाईकडं बघून म्हणली, "पोरं जेवली का सगळी?" साखरबाई म्हणली, "जेवली." तर ती म्हणली, "तू मोजली का?" एवढ्यावर जाग आली.

हे तिनं गौतमीला फोनवर सांगितलं. तिकडं गौतमी हसली. "मावशी, मोजल्याशिवाय ती कुणालाच सोडायची नाही. शाळेच्या मास्तरला पण नाही."

इथवर सगळं बरं व्हतं. पुढची चूक साखरबाईची.

पार्सल न्यायला माणूस येणार त्या दिवशी समृद्धी माहेरी गेलती. खोकं तिनं बांधून ठेवलं व्हतं, लेबल काढून ठेवलं व्हतं. साखरबाई खोक्यावरनं मांजरपाटाचं कापड शिवायची, तांबड्या दोऱ्यानं, तांदळाएवढ्या टाक्यानं. कागदी खोक्याचा भरवसा न्हाई, पावसाचं शिंतडं उडालं तरी फुगतं. तर कापड शिवून झालं आन् तिच्या मनात आलं, हे एवढं लांब जाणार, दहा जणांच्या हातनं जाणार, कुणी आदळलं, कुणी पाय दिला म्हंजी? आपल्याकडं लग्नाकार्यात भांडी देत्यात घेत्यात, पण भांड्यावर नाव घातलेलं असतं. शंभर घरच्या घागरी एका मांडवात येत्यात आन् नावानं आपापल्या घरी परत जात्यात. नाव असलं की माणूस वस्तूला वचकून राहतो. म्हणून तिनं काळं मार्कर पेन घेतलं आन् मांजरपाटावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "भांडगावच्या साखरबाईकडून. आत पैठणी, जपून न्या."

हौसराव शेजारी चहा पीत व्हता. त्यानं वाचलं. "अगं, ती जांभळी कुठं खरी पैठणी हाय? मशीनवरची हाय."

"कुरियरवाल्याला काय कळतंय?"

"त्याला न्हाई कळलं तर लिहिलंस कशाला?"

"कळंल न कळंल, पण पैठणी म्हणलं की माणूस दोन हातानं उचलतो."

त्यात खोटं काही न्हवतं. दोन हातानंच उचललं.

सहा दिवसांनी गौतमीचा व्हिडिओ आला. आजकाल पार्सल फोडताना माणसं व्हिडिओ काढत्यात, तसा. कापड कापलं, खोकं उघडलं, आन् आतनं निघालं सिमिटाचं रिकामं पोतं, घडी घालून, आन् दोन विटा. गौतमीनं पोत्याची घडी उलगडली, परत घातली, आन् व्हिडिओ तिथं संपला.

समृद्धीनं तो पडवीत उभ्या उभ्या बघितला आन् वजनाची चिठ्ठी हुडकून काढली. "आत्या, वजन बघा. जाताना जेवढं, पोचताना तेवढंच. म्हंजी कागदावर काहीच झालेलं न्हाई."

मग समृद्धीनं जे करायचं ते सगळं केलं. तक्रार टाकली. खोकं बांधतानाचे फोटो जोडले, गौतमीचा व्हिडिओ जोडला, वजनाची चिठ्ठी जोडली. तिकडनं मशीन बोलायचं, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." पोलीस चौकीत अर्ज दिला, तिथल्या जमादारानं नीट लिहून घेतला आन् इचारलं, "वस्तूचं वर्णन?" समृद्धी म्हणली, गोधडी. त्यानं पेन थांबवलं. "जुन्या साड्यांची? आन् ती कुणी कशाला चोरंल?" तो चेष्टा करत न्हवता, त्याला खरंच उमगंना.

कंपनीचं उत्तर आलं की चौकशीअंती ठरलेली भरपाई मिळू शकंल. समृद्धीनं गौतमीला कळवलं. तिचा फोन साखरबाईला आला.

"मावशी, मला भरपाई नको. साड्या आहेत का तुमच्याकडं? शिवलीच नसंल, राहिली असंल, चुकून दुसरं काही भरलं असंल, तर तसं सांगा. मी रागावणार नाही."

पोरगी तिला चोर म्हणत न्हवती. साखरबाईच चोर निघाली तर बरं हुईल, एवढीच पोरीची आशा व्हती, म्हंजी साड्या कुठंतरी आहेत असं झालं असतं.

"शिवली पोरी. पाठवली. माझ्या हातानं."

"बरं," गौतमी म्हणली. "मग राहू द्या."

त्या दिवसापासनं साखरबाईच्या हातातली सुई चालंना. दुपारी बाजंवर पडायची आन् डोळा मिटला की ते खोकं दिसायचं. ट्रकमधी दिसायचं, पट्ट्यावरनं सरकताना दिसायचं, कुठल्या तरी पत्र्याच्या शेडात ढिगाखाली दिसायचं. एकदा ते खोकं भीमेच्या पाण्यावर तरंगत चाललंय असं दिसलं, आन् काठानं आक्काबाई उलथनं घिऊन चालतीय, आवाज न करता, मोजत.

"आत्या, जेवा," समृद्धी म्हणायची.

"व्हिडिओ लाव पुन्यांदा."

"किती येळा बघणार?"

"लाव."

आन् चौथ्या का पाचव्या येळंला तिनं फोन हातात घिऊन डोळ्याजवळ नेला. "थांबीव. हितं थांबीव. हे कापड कापायच्या आधीचं मोठं करून दाव."

समृद्धीनं मोठं केलं. तांबडा दोरा तोच व्हता. कापड तेच, अक्षर तेच. पण टाका साखरबाईचा न्हवता. बोट बोटभर लांब टाका, तिरका, एकसारखा, आन् चारी कोपऱ्यांना कापडाचे कान काढलेले, उचलायला धरत्यात तसे.

"हा पोत्याचा टाका," साखरबाई म्हणली. "दाभणाचा. कांद्याची पोती शिवणाऱ्याचा हात हाय ह्यो." आन् जरा थांबून, "सरळ हात हाय पण. चांगला शिवणारा हाय."

"चोराचं काय कौतुक करताय?" हौसराव म्हणला.

"चोराचं न्हाई, टाक्याचं."

समृद्धीनं पार्सलचा प्रवास परत काढून बघितला. बाकी सगळीकडं ते आलं आन् गेलं. एकाच ठिकाणी अकरा तास बसून व्हतं, कोरेगाव भीमाच्या अलीकडं एक गोदाम व्हतं तिथं.

दुसऱ्या दिवशी हौसरावानं झेंडूचे क्रेट उतरवले, मोटारसायकल पुसली आन् साखरबाईला मागं बसवलं. राहूच्या अंगानं गेले. उसाची वावरं, मग कारखाने, मग ट्रकच्या रांगा. वाटंत हौसराव एकदाच बोलला, "सापडला तर काय करशील?"

"बघीन त्याच्याकडं."

"बघून?"

"ते बघितल्यावर."

गोदाम म्हंजी दोन शाळा मावतील एवढं शेड. आत पट्टे फिरत व्हते आन् त्यांच्यावरनं खोकी चालली व्हती, लहान मोठी, काळी पांढरी, न थांबता, झोपंत चालल्यागत. प्रत्येकाच्या पाठीला चिठ्ठी. माणसं दोन्ही कडंला उभी, कुणी एक खोकं उचलून इकडं, कुणी तिकडं. कुणी कुणाशी बोलत न्हवतं. साखरबाई दारातनं बघतच राहिली. तिला वाटलं, हे सगळं कुणाचं तरी कुणाला चाललंय, आन् हितं कुणालाच ठावं न्हाई काय चाललंय.

गेटवरनं टीशर्टातला एक मॅनेजर आला. "आजी, आत यायला परवानगी नाही. तक्रार ॲपवर टाका."

"आजी तुझी आसंल घरी. तक्रार टाकली. म्या दुसरंच इचारायला आले. पार्सल फाटलं तर हितं शिवतो कोण?"

"टेप लावतो आम्ही."

"आन् पोतं फाटलं तर? टेप बसत न्हाई पोत्याला."

मॅनेजरनं तोंड उघडायच्या आत गेटवरचा वॉचमन सहज बोलून गेला, "महेंद्र शिवतो की. आधी मार्केटयार्डात हमाल व्हता ना." मॅनेजरनं त्याच्याकडं असं बघितलं की वॉचमन एकदम रजिस्टर चाळायला लागला.

शिफ्ट सुटली तवा साखरबाई भाईर चहाच्या टपरीवर बसून व्हती. हौसरावाला तिनं लांब उभं केलतं, दोघं बघून पोरगं बिचकंल म्हणून. पंचविशीचा महेंद्र, काटक, डोळ्याखाली काळं. चहावाल्यानं नावानं हाक मारली तशी साखरबाई उठली न्हाई, बसल्या जागंवरनंच म्हणली, "महेंद्र, हितं बस जरा. मांजरपाटाला दाभणाचा टाका घालत्यात व्हय? कापड फाटंल की."

त्याचा चहाचा कप हातातच राहिला. "कोण तुम्ही?"

"भांडगावची साखरबाई. पार्सलवर नाव वाचलं असशील."

तो बसला. कप खाली ठेवला.

"पैठणी लिहिलं व्हतं मावशी," तो म्हणला.

"लिहिलं व्हतं."

"बायकोला सातवा महिना लागलाय. तिच्या भणीला माझ्या साडूनं पैठणी घेतली, तवापासनं घरात तेच चाललंय. म्हणलं, हितनं इतकं जातंय. दोरा उसवला, तोडला न्हाई, सबंध काढला. आत बघतो तर गोधडी."

"मग घालायची व्हतीस परत."

"घालणारच व्हतो. खरं सांगतो. पोत्यांच्या मागं बसलो व्हतो, परत भरायची म्हणून घडी मांडीवर घेतली. लागोपाठ शिफ्टा झालत्या. जरा टेकलो. मावशी, मला अशी झोप दोन वरसांत लागली न्हवती. एक बाई दिसली, तिनं ताटात काहीतरी वाढलं आन् म्हणली, आधी खा. जाग आली तवा सुपरवायझर ओरडत व्हता, ट्रक लावलाय म्हणून. खोकं रिकामं, गोधडी माझ्या अंगावर. हातात आलं ते भरलं आन् शिवलं."

"विटा?"

"वजन लागतं ना."

साखरबाईनं त्याच्याकडं बघितलं. घरनं निघताना तिनं लई बोल जमवून आणले व्हते. आक्काबाईनं वाढलं म्हणल्यावर त्यातले अर्धे वाया गेले. बाईनं चोराला मोजून घेतलं व्हतं, आन् मोजलं म्हंजी जेवू घातलं व्हतं.

"कुठं हाय आता ती?"

"दौंडला. आईकडं दिली. तिचं घर रेल्वे लायनीला लागून हाय, दिसरात डबे आदळत्यात, तिला झोप न्हाई. म्हणलं मला लागली तर तिला लागंल."

"धुतली का तिनं?"

"काय?"

"धुतली का इचारते."

"ते ठावं न्हाई."

"सुट्टी कवा तुझी?"

"बेस्तरवारी."

"बेस्तरवारी सकाळी दौंड टेसनाभाईर उभा राहा. आन् ध्यानात ठिव, म्या तुझ्या गेटावर आज काही बोलत न्हाई. पण कंपनीनं मला फोन करून इचारलं, कुणी नेली, तर म्या खोटं बोलायची न्हाई. तुझं नाव सांगीन."

"सांगा," महेंद्र म्हणला. "बरोबर हाय."

कंपनीनं इचारलंच न्हाई कधी, तो भाग निराळा. पुढच्या आठवड्यात समृद्धीच्या फोनवर आलं, आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे, आम्हाला पाच तारे द्या.

बेस्तरवारपर्यंतचे तीन दिवस साखरबाईनं कसे काढले तिला ठावं. एकच घोर, धुतली असंल तर. साबण लावून आपटली असंल तर. गोधडी मिळूनबी पोरीला काय मिळालं मग? चार साड्यांचं कापड.

यवतला डेमू गाडी धरून ती दौंडला उतरली. महेंद्र भाईर उभा व्हता, दाढी करून, कुणाच्या लग्नाला आल्यागत. रुळांच्या कडंकडंनं चालत त्याच्या आईच्या घरी गेले. आईचं नाव नकुशी. दारात कांदा निवडत बसलीती. पोरगं एका अनोळखी बाईला घिऊन आलंय बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, आन् साखरबाईनं तोंड उघडायच्या आधी म्हणली, "गोधडी तुमची ना?"

"तुमाला कसं कळलं?"

"मला आली तवाच कळलं की माझी न्हाई. पोराला इचारलं, कुठनं आणली? म्हणला, हापिसात मिळाली. हापिसात गोधड्या वाटत्यात व्हय कुठं?" तिनं महेंद्रकडं बघितलंबी न्हाई. "अंगावर घ्यायला गेले तर दुसऱ्या बाईचा वास. धुराचा, फोडणीचा. म्हणलं, ही कुणाची तरी आई हाय. कुणाची आई आपण पांघरू नये."

"धुतली न्हाई?"

"परक्याची वस्तू धुवून कशाला बसू? ढेकूण असत्याल म्हणून दोन दिस उन्हात टाकलीती. आता उन्हानं काही गेलं असंल तर म्या काय करू."

पत्र्याच्या पेटीवर घडी घालून ठेवलेली व्हती. साखरबाईनं तिथंच ती नाकाला लावली. वरनं ऊन व्हतं, डिझेल व्हतं, लोखंडाचा वास व्हता. तिनं घडी उकलली, आतल्या बाजूला, पांढऱ्या साडीपाशी तोंड घातलं. हळद व्हती. मोहरी व्हती. थोडी, पण व्हती.

नकुशी तिच्याकडं बघत व्हती. "हाय का?"

"हाय."

"मग बसा, चहा टाकते." आन् पोराकडं न बघता म्हणली, "तूबी बस. तुला जेवल्यावर बघते."

लायनीवरनं मालगाडी गेली. घर हाललं, भांडी वाजली. साखरबाईनं चहा पिऊन होईस्तवर नकुशी तीन येळा म्हणली, "हितं झोप लागत न्हाई ओ."

तिथं बसूनच साखरबाईनं गौतमीला फोन केला, महेंद्रच्या सपनासकट सगळं सांगितलं. पार्सल करायची तिची छाती न्हवती. गौतमी म्हणली, आईच्या वर्षाला मी शनिवारी शिरूरला येतेच, सकाळच्या गाडीनं दौंडला उतरीन, तिथून यष्टी. तुम्ही फलाटावर द्याल का?

"द्याल का म्हंजी?" साखरबाई म्हणली.

शनिवारी ती गोधडी छातीशी धरून फलाटावर उभी. गाडी आली. माणसं उतरली, चढली, चहावाले ओरडले. पाठीवर बॅग अडकवलेली एक बारीक पोरगी चार चार माणसांच्या मधनं आली आन् समोर उभी राहिली. दोघींनी एकमेकींना कधी बघितलं न्हवतं, पण हुडकावं लागलं न्हाई, गोधडीच सांगत व्हती.

गौतमीनं ती घेतली. आधी पांढऱ्या काठावरनं बोट फिरवलं, मग जांभळ्या मोरावरनं. मग तोंड आत घातलं. साखरबाईनं दुसरीकडं बघितलं.

"कमी झालाय," साखरबाई रुळांकडं बघत म्हणली. "उन्हात पडलीती. म्या लिहायला नको व्हतं वरती. माझी चूक."

गौतमी बाकड्यावर बसली. साखरबाई शेजारी बसली. यष्टीला अजून तास व्हता. गौतमीनं गोधडी मांडीवर पसरली, मग गुडघे वर घेतले, मग गोधडी खांद्यापर्यंत ओढली. म्हणली, "मावशी, चोराला तिनं वाढलं म्हणालात ना?"

"व्हय."

"काय वाढलं?"

"ते त्याला कळलं न्हाई. खिचडीच आसंल."

"खिचडीच," गौतमी म्हणली, आन् तिचं डोकं हळूहळू साखरबाईच्या खांद्यावर आलं.

फलाटावर कोण किती ओरडत व्हतं. भोंगे, हमाल, लाउडस्पीकरवरची बाई. पोरगीचा श्वास एका लयीत लागला. साखरबाईनं तिची बॅग आपल्या पायात धरली. यवतची डेमू लागली, दारं उघडली, माणसं भरली. साखरबाईनं बघितलं. पोरीचं डोकं खांद्यावर, गोधडीचा कोपरा तिच्या मुठीत. डेमू निघाली. शिरूरची यष्टीबी निघाली असंल त्याच सुमाराला. दुसरी मिळंल. यष्ट्या काय, सुटतच असत्यात.

पिशवीतला फोन वाजायला लागला, तो साखरबाईनं घाईनं कानाला लावला आन् आवाज बारीक केला.

हौसराव व्हता. "दिली का?"

"दिली."

"मग? डेमू तर गेली. कुठं हायस?"

"दौंडातच. बाकड्यावर."

"काय करतीस?"

"बसलेय. पोरगी झोपलीया."

हौसराव म्हणला, "आन् विटा आणल्या का गं तिनं? आपल्या न्हाणीला दोन कमी पडत्यात."

"फोन ठिवा," साखरबाई म्हणली. "जाग येईल तिला."

हल्ली ती पार्सलवर लिहिती, पण काय लिहिती ते समृद्धीनं ठरवून दिलंय. मोठ्या अक्षरात, काळ्या पेनानं: "जुनी फडकी." त्याला कुणी हात लावत न्हाई. आन् मांजरपाटाच्या चारी कोपऱ्यांना ती आता कान काढती, उचलायला बरं पडतं म्हणून.